दीड ब्लॉकचा रस्ता, आठ नावे : सिल्व्हिसच्या मेक्सिकन वस्तीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका रेल्वेगावात मेक्सिकन मजूर आले. आधी मालगाडीच्या जुन्या डब्यांत आणि मग चिखलाच्या एका रस्त्याकाठी त्यांनी संसार मांडले. त्यांच्या मुलांनी दोन युद्धांत प्राण वेचले. त्या रस्त्यावर डांबर पडायला मात्र १९७० चे दशक उजाडावे लागले. या वस्तीच्या शतकभराच्या वाटचालीचा हा मागोवा.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या परिसरातील 'क्वाड सिटीज' या शहरसमूहात सिल्व्हिस नावाचे छोटे गाव आहे. लोकसंख्या सुमारे आठ हजार. एकेकाळी 'रॉक आयलंड' या नावाने प्रसिद्ध असलेल्या रेल्वे कंपनीचे इंजिनांचे मुख्य वर्कशॉप येथे होते आणि त्या वर्कशॉपभोवतीच हे गाव वाढले. गावाच्या एका कडेला जेमतेम दीड ब्लॉक लांबीचा एक रस्ता आहे. तो पूर्वी 'सेकंड स्ट्रीट' म्हणून ओळखला जाई. आज त्याचे नाव 'हीरो स्ट्रीट' आहे.

या रस्त्यावर राहणारी दोन-तीन डझन कुटुंबे जवळपास सर्वच मेक्सिकन वंशाची होती. दुसरे महायुद्ध आणि कोरियन युद्ध मिळून या कुटुंबांतील ५० हून अधिक तरुण अमेरिकी सैन्यात गेले. त्यांतील आठ परतले नाहीत. एवढ्या छोट्या रस्त्याने इतके सैनिक दिल्याचे दुसरे उदाहरण अमेरिकेत क्वचितच सापडेल. या आठ जणांची कथा अमेरिकेत अनेकदा सांगितली गेली आहे. मात्र ती नीट समजून घ्यायची तर युद्धाच्या कितीतरी आधी, रुळांपासून सुरुवात करावी लागते.

मेक्सिकोतून उत्तरेकडे

पोर्फिरिओ दियास यांची मेक्सिकोवर १८७६ पासून १९११ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, एकहाती सत्ता होती. त्यांच्या राजवटीत परकीय भांडवलाला दारे उघडली गेली आणि देशभर लोहमार्ग पसरले. १८७६ मध्ये मेक्सिकोत जेमतेम साडेसहाशे किलोमीटर लोहमार्ग होते. १९१० पर्यंत ही लांबी १९ हजार किलोमीटरच्या पुढे गेली. १८८४ मध्ये राजधानी मेक्सिको सिटी आणि अमेरिकेच्या सीमेवरील एल पासो या शहरांदरम्यानचा मार्ग पूर्ण झाला. त्यामुळे मध्य मेक्सिकोतील ग्वानाह्वातो, हालिस्को, मिचोआकान ही दाट लोकवस्तीची राज्ये थेट अमेरिकेच्या लोहमार्गांशी जोडली गेली.

रेल्वेमुळे जमिनीला भाव आला आणि तिचा पहिला फटका बसला तो लहान शेतकऱ्यांना. गावांच्या सामाईक जमिनी सर्वेक्षण कंपन्यांच्या आणि 'हासिएंदा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या जमीनदारी मळ्यांच्या ताब्यात गेल्या. बहुसंख्य ग्रामीण कुटुंबे भूमिहीन होऊन त्याच मळ्यांवर मजुरी करू लागली. १९१० मध्ये क्रांतीचा भडका उडाला. पुढील दहा वर्षे सैन्ये याच भागातून ये-जा करीत राहिली. १९१५ मधील सेलायाची निर्णायक लढाई ग्वानाह्वातो राज्यातच झाली. त्यानंतर १९२६ ते १९२९ या काळात सरकार आणि चर्चसमर्थक शेतकरी यांच्यातील 'क्रिस्तेरो' युद्धाने पुन्हा हीच राज्ये होरपळली. शेती गेलेली, गाव असुरक्षित झालेले आणि जवळच्या स्थानकातून उत्तरेकडे गाडी सुटणारी, अशी ही परिस्थिती होती.

मुकादमाची उचल

अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांना त्या वेळी मजुरांची निकड होती. पश्चिमेकडील लोहमार्ग ज्या चिनी मजुरांनी बांधले, त्यांच्या प्रवेशावर १८८२ च्या कायद्याने बंदी घातली होती. जपानी मजुरांची आवक १९०७-०८ मधील उभय देशांच्या समझोत्याने रोखली गेली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर युरोपातून येणारा ओघही आटला. ही पोकळी मेक्सिकन मजुरांनी भरून काढली.

भरतीचे मुख्य केंद्र होते एल पासो. तेथे 'एंगांचिस्ता' नावाने ओळखले जाणारे दलाल सीमा ओलांडून आलेल्या माणसांना गाठत. 'एंगांचे' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ आकड्यात अडकवणे. पदरी पैसा नसलेल्या माणसाला प्रवासखर्च आणि जेवणखाण उधारीवर द्यायचे, त्याला कंपनीच्या गाडीत बसवून शेकडो मैल दूर पाठवायचे आणि मग ती रक्कम मजुरीतून वळती करून घ्यायची, अशी ही पद्धत होती. ऊसतोडणीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फेडण्यात सरणारा हंगाम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

रुळांवर काम करणाऱ्या या मजुरांना 'त्राकेरो' म्हणत. आपल्याकडील गँगमनचेच ते काम होते. कुजलेले लाकडी स्लीपर काढून नवे घालायचे, त्यांच्याखाली खडी ठासायची, उन्हाने वाकलेले रूळ पुन्हा रेषेत आणायचे आणि हिवाळ्यात सांध्यांत साचलेला बर्फ उपसायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नैर्ऋत्य अमेरिकेत या कामासाठी दिवसाला साधारण एक ते सव्वा डॉलर मजुरी मिळे. रेल्वेच्या इतर कोणत्याही खात्यापेक्षा ती कमी होती. तरीही मेक्सिकोतील हासिएंदावर मिळणाऱ्या मजुरीच्या ती कितीतरी पट होती.

१९१७ मध्ये अमेरिकेने स्थलांतरितांसाठी साक्षरतेची चाचणी आणि आठ डॉलरचा प्रवेशकर लागू केला. बडे शेतमालक आणि रेल्वे कंपन्यांनी आग्रह धरल्याने मेक्सिकन मजुरांना त्यातून तात्पुरती सूट मिळाली. १९२४ च्या कायद्याने युरोपीय देशांसाठी कोटा ठरला. मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धातील देश मात्र कोट्याबाहेर राहिले. त्याच वर्षी सीमेवर गस्ती दलही स्थापन झाले. मजूर हवा, पण तो कायमचा राहायला नको, हे धोरण या सगळ्या तरतुदींतून स्पष्ट दिसते.

सिल्व्हिसचे यार्ड

ज्या कंपनीसाठी हे मजूर सिल्व्हिसला आले, त्या 'शिकागो, रॉक आयलंड अँड पॅसिफिक' रेल्वेची पहिली गाडी १० ऑक्टोबर १८५२ रोजी शिकागोहून जोलिएटला गेली. १८५४ मध्ये तिचे रूळ मिसिसिपीच्या काठावर पोहोचले आणि १८५६ मध्ये त्या नदीवरील पहिला रेल्वेपूल तिच्यासाठीच उभा राहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीने नदीपासून थोड्या अंतरावर, मोकळ्या जागेत इंजिनदुरुस्तीचे प्रचंड वर्कशॉप बांधले. त्याच्या आधाराने वाढलेले सिल्व्हिस गाव १९०६ मध्ये रीतसर अस्तित्वात आले.

१९१० च्या दशकात येथे मेक्सिकन मजुरांची वस्ती रुजू लागली. सुरुवातीला एकटे पुरुष आले आणि पाठोपाठ बायका-मुले आली. गावात त्यांना भाड्याने घर मिळणे दुरापास्त होते. कंपनीने त्यांना यार्डाच्या आवारातच, चाके काढून जमिनीवर टेकवलेले मालगाडीचे जुने बंद डबे राहण्यासाठी दिले. या डब्यांना आपल्या रेल्वेच्या बोलीत वाघिणी म्हणतात. त्या काळच्या वाघिणीची लांबी ३६ ते ४० फूट आणि रुंदी साडेआठ-नऊ फूट असे. बाजूला खिडकी कापून घ्यायची, मधोमध कोळशाची शेगडी मांडायची आणि आडोसा करून खोल्या पाडायच्या, असा हा संसार. इलिनॉयच्या हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. लाकडी फळ्यांच्या फटींतून येणारा वारा थोपवण्यासाठी आतून कागद चिकटवले जात. जळणासाठी रुळांकाठी सांडलेला कोळसा वेचला जाई आणि टाकाऊ स्लीपर फोडले जात.

या वस्तीला 'ला यार्दा' असे नाव पडले. यार्ड या इंग्रजी शब्दाचेच हे स्पॅनिश रूप. डब्यांपुढे मिरची, मका आणि भाज्यांचे वाफे होते. कोंबड्या होत्या. सणासुदीला संगीत होते. १९२० च्या दशकात मेक्सिकोची आराध्यदेवता असलेल्या ग्वादालूपेच्या मातेच्या नावाने येथे प्रार्थनास्थळही उभे राहिले. या मंडळींपैकी अनेकांना आपण चार-दोन वर्षांत परत जाणार असे वाटत होते. पैसा साठवायचा आणि गावी जमीन घ्यायची, हा बेत होता. मात्र मुले सिल्व्हिसमध्ये जन्मली. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनुसार ती जन्मानेच अमेरिकी नागरिक झाली. शाळेच्या हजेरीपटावर होसेचा जोसेफ आणि फ्रान्सिस्कोचा फ्रँक होणे त्या काळी सर्रास घडे. आईवडील मेक्सिकन, मुले अमेरिकी आणि घर रेल्वे कंपनीच्या मालकीचे, अशी ही विचित्र गुंतागुंत होती.

सिल्व्हिस याला अपवाद नव्हते. मिसिसिपीच्या पलीकडच्या तीरावर, आयोवा राज्यातील बेटेंडॉर्फ येथे मालडबे तयार करणाऱ्या कारखान्याजवळ मेक्सिकन मजुरांची 'होली सिटी' नावाची वस्ती होती. शेजारच्या डेव्हनपोर्ट शहरात नदीकाठच्या सखल भागात 'कुक्स पॉइंट' ही वस्ती होती. तेथे नळाचे पाणी वा सांडपाण्याची सोय नव्हती. कॅन्सस राज्यातील टोपेका, न्यूटन, एम्पोरिया आणि आयोवातील फोर्ट मॅडिसन या 'सांता फे' रेल्वेच्या गावांतही असेच घडले. रूळ आणि वर्कशॉप जिथे, तिथे मालडब्यांची वस्ती, असा हा नकाशा होता.

सेकंड स्ट्रीटवर पहिला पत्ता

१९२९ च्या सुमारास सिल्व्हिसच्या मेक्सिकन कुटुंबांना रेल्वेचे आवार सोडावे लागले. गावाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या सेकंड स्ट्रीटवर त्यांनी जागा घेतल्या. काहींनी जुने मालडबेच तेथे हलवले आणि त्यांना जोडून खोल्या काढल्या. रस्ता कच्चा होता. पावसाळ्यात आणि बर्फ वितळू लागले की तो घोट्याएवढ्या चिखलाने भरे. पण यार्डातल्या डब्याला नसलेली एक गोष्ट येथे होती. घराला स्वतःचा पत्ता होता.

ही वेळ मोठी कठीण होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. रेल्वेने कामगार कमी केले. 'अमेरिकनांच्या नोकऱ्या मेक्सिकनांनी घेतल्या' हा प्रचार सुरू झाला. १९३० च्या जनगणनेत अमेरिकेने प्रथमच 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदवला आणि त्या रकान्यात १४ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. मेक्सिको सरकार आणि मेक्सिकन-अमेरिकन संघटनांच्या विरोधामुळे पुढील जनगणनेपूर्वी तो रकाना काढून टाकण्यात आला. 'मेक्सिकन' हा जनगणनेतील वंश ठरला तो त्या एकाच वेळी.

मंदीच्या दशकात लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना सक्तीने वा दबावाने मेक्सिकोला पाठवण्यात आले. हा आकडा किमान चार लाखांपासून दहा लाखांच्या पुढेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. त्यांत मोठा वाटा अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांचा, विशेषतः मुलांचा होता. शिकागोजवळच्या ईस्ट शिकागो आणि गॅरी या पोलादनगरींतून १९३२ मध्ये खास गाड्या भरून कुटुंबे रवाना झाली. ज्या रुळांनी त्यांना आणले, त्याच रुळांनी त्यांना परत नेले. कॅलिफोर्निया राज्याने याबद्दल २००५ मध्ये कायदा करून अधिकृत दिलगिरी व्यक्त केली.

सिल्व्हिसमधील बरीच कुटुंबे या काळात टिकून राहिली. रेल्वेवर मिळेल ते काम, हंगामात कांदा आणि बिटाच्या शेतांत मजुरी आणि परसातील भाजीपाला यांवर गुजराण झाली. मुले रस्त्याच्या टोकाच्या 'बिली गोट हिल' या टेकडीवर खेळत वाढली. पुढे स्मारकावर ज्यांची नावे कोरली गेली, ती हीच मुले.

आठ नावे

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि सेकंड स्ट्रीटची घरे रिकामी होऊ लागली. सँडोव्हल आडनावाच्या दोन कुटुंबांतूनच मिळून १३ मुलगे सैन्यात गेले. काही सक्तीच्या भरतीने गेले, काही स्वेच्छेने. गावात ज्यांना बरोबरीची वागणूक नव्हती, त्यांना गणवेशात ती मिळेल अशी आशा अनेकांना होती.

पहिला बळी टोनी पॉम्पा. तो बॉम्बफेकी विमानाच्या ताफ्यात होता. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत त्याला मृत्यू आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रँक सँडोव्हल ब्रह्मदेशात पडला. ऑक्टोबर १९४४ मध्ये दुसऱ्या सँडोव्हल कुटुंबातील विल्यम, ८२ व्या हवाई तुकडीचा छत्रीधारी सैनिक, हॉलंड-जर्मनी सीमेलगतच्या मोहिमेत कामी आला. जानेवारी १९४५ मध्ये क्लारो सोलिस बेल्जियममधील बर्फात धारातीर्थी पडला. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदीपलीकडे उतरताना छत्रीधारी पीटर मासियस मारला गेला. एप्रिल १९४५ मध्ये, जर्मनीच्या शरणागतीला काही दिवस उरले असताना, फ्रँकचा भाऊ जोसेफ सँडोव्हल ठार झाला. दहा महिन्यांच्या आत एकाच घरी दोन मुलांच्या मृत्यूच्या तारा आल्या. पुढे १९५१ मध्ये कोरियात मे महिन्यात जोसेफ गोमेझ आणि ऑगस्टमध्ये जॉन मुन्योस यांना वीरमरण आले.

यांतील फ्रँक सँडोव्हलच्या मृत्यूचा धागा भारतापर्यंत पोहोचतो. जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर चीनला रसद पोहोचवण्याचा खुष्कीचा मार्ग तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी अमेरिकी सैन्याने डिसेंबर १९४२ मध्ये आसाममधील लेडो येथून डोंगर आणि जंगलांतून रस्ता काढायला सुरुवात केली. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांसह हजारो भारतीय मजूर आणि अमेरिकी अभियांत्रिकी तुकड्यांचे जवान या कामावर होते. हिवताप, दरडी आणि मुसळधार पावसाने या रस्त्यावर शेकडो बळी घेतले. १९४४ च्या उन्हाळ्यात मिचिना या ब्रह्मी शहराच्या वेढ्यात पायदळ अपुरे पडू लागले, तेव्हा रस्ता बांधणाऱ्या या जवानांना हातात बंदुका देऊन थेट आघाडीवर पाठवण्यात आले. फ्रँक त्यांपैकी एक होता. रेल्वेवर राबणाऱ्या माणसाचा हा मुलगा भारताच्या सीमेवर रस्ता बांधायला आला आणि तेथून लढाईत गेला.

क्लारो सोलिसने आघाडीवरून मित्राला लिहिलेल्या एका पत्रात सेकंड स्ट्रीटचा उल्लेख आहे. रस्ता म्हणजे नुसता चिखल आणि चाकोऱ्या, पण आज आपल्याला तो जगातला सर्वांत थोर रस्ता वाटतो, अशा आशयाचे ते पत्र सिल्व्हिसमध्ये आजही सांगितले जाते.

परतल्यानंतरचा लढा

मेक्सिकन मजुरांची गरज युद्धाने पुन्हा निर्माण केली होती. १९४२ मध्ये दोन्ही देशांत 'ब्रासेरो' करार झाला. १९४३ ते १९४५ या काळात केवळ अमेरिकी रेल्वेसाठी एक लाखाहून अधिक मजुरांचे करार झाले. दशकभरापूर्वी ज्यांना गाडीत बसवून पाठवले होते, त्यांच्याच देशबांधवांना आता सन्मानाने बोलावण्यात आले. युद्ध संपताच रेल्वेचा करारही संपला. शेतमजुरांसाठीची योजना १९६४ पर्यंत चालू राहिली.

परतलेल्या सैनिकांचा अनुभव फारसा वेगळा नव्हता. सिल्व्हिसमधील माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने मेक्सिकन वंशाच्या जवानांना सदस्यत्व नाकारले. परदेशांतील युद्धांत लढलेल्यांची म्हणवणाऱ्या संघटनेत, तीच युद्धे लढलेल्यांना जागा नव्हती. टेक्सासमध्ये तर १९४९ मध्ये फेलिक्स लोंगोरिया या शहीद जवानाच्या अंत्यदर्शनासाठी गावच्या अंत्यविधीगृहाने जागा नाकारली. डॉ. हेक्टर गार्सिया यांनी आदल्याच वर्षी स्थापलेल्या 'अमेरिकन जीआय फोरम'ने ते प्रकरण धसास लावले आणि तेव्हाचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांच्या मध्यस्थीने लोंगोरिया यांचे दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत झाले. सिल्व्हिसजवळही संघटना उभ्या राहू लागल्या. १९५२ मध्ये डेव्हनपोर्टच्या 'कुक्स पॉइंट'मधील रहिवाशांना हटवण्यात आले. घर शोधताना आलेल्या अनुभवांतून १९५९ मध्ये तेथे 'लुलाक' या मेक्सिकन-अमेरिकन संघटनेची शाखा निघाली.

सेकंड स्ट्रीट मात्र होता तसाच होता. गावातील इतर रस्ते पक्के झाले, पण आठ जवान देणाऱ्या या रस्त्यावर चिखलच राहिला. या अन्यायाला वाचा फोडली ती त्याच वस्तीत वाढलेल्या जो टेरोनेझ यांनी. १९६० च्या दशकात ते गावच्या परिषदेवर निवडून आले. रस्त्याला शहिदांचे नाव द्यावे आणि तेथे स्मारक व्हावे, असा ठराव त्यांनी लावून धरला. गावातून विरोध झाला. मात्र दशकाच्या अखेरीस 'सेकंड स्ट्रीट'चा 'हीरो स्ट्रीट' झाला. १९७१ मध्ये, ज्या 'बिली गोट हिल'वर ही मुले खेळली, तेथेच स्मारक उद्यानाचे उद्घाटन झाले. रस्त्याचे पक्के काम त्यानंतर, १९७० च्या दशकात झाले. टेरोनेझ पुढे सिल्व्हिसचे महापौरही झाले. २००७ मध्ये आठ जवानांचे स्वतंत्र शिल्पस्मारक गावात उभे राहिले.

या घटनाक्रमात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हौतात्म्याने आपोआप सन्मान मिळवून दिला नाही. पहिला जवान पडल्यापासून रस्त्याचे नाव बदलेपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ गेला. तो बदल घडला तो वस्तीतील माणूस परिषदेत जाऊन बसल्यावर.

रेल्वे गेली, वस्ती राहिली

'रॉक आयलंड' रेल्वे १९७५ मध्ये तिसऱ्यांदा दिवाळखोरीत निघाली. ३१ मार्च १९८० रोजी तिची सेवा कायमची थांबली. अमेरिकेच्या इतिहासातील ती सर्वांत मोठ्या रेल्वे-समाप्तींपैकी एक होती. १९८० च्या दशकात शेजारच्या रॉक आयलंड शहरातील ट्रॅक्टरचा मोठा कारखानाही बंद पडला. ज्या दोन उद्योगांनी मेक्सिकन कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीला स्थैर्य दिले होते, ते एकाच दशकात कोसळले. तिसरी पिढी शिक्षण, सरकारी नोकऱ्या आणि व्यवसायांकडे वळली.

सिल्व्हिसच्या जुन्या वर्कशॉपची विशाल इमारत पुढे खासगी इंजिनदुरुस्तीसाठी वापरली गेली. २०२२ मध्ये ती जुनी वाफेची इंजिने जतन करणाऱ्या एका संस्थेच्या हाती आली. 'युनियन पॅसिफिक'ने दान केलेली अजस्र इंजिने तेथे पुन्हा चालती करण्याचे काम हाती घेण्यात आले. रेल्वेच्या इतिहासाचे जतन करताना इंजिनांकडे सर्वांचे लक्ष जाते, हे स्वाभाविक आहे. ती ज्या रुळांवरून धावत, ते रेषेत ठेवणाऱ्या हातांची आठवण मात्र सिल्व्हिसमध्ये दुसऱ्या टोकाला, त्या दीड ब्लॉकच्या रस्त्यावर जपली गेली आहे. मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या स्मृतिदिनी तेथे कुटुंबे जमतात आणि आठ नावे वाचली जातात.

स्थलांतरितांचा प्रश्न आजही अमेरिकेच्या राजकारणात ऐरणीवर आहे. कोण येथला आणि कोण उपरा, याचे उत्तर कागदपत्रांत शोधले जाते. सिल्व्हिसच्या कुटुंबांची नोंद वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या दप्तरांत झाली. रेल्वेने त्यांना मजूर म्हणून नोंदवले, जनगणनेने वेगळा वंश म्हणून, सैन्याने जवान म्हणून. गावाचे रहिवासी म्हणून त्यांची दखल घेतली जायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

ठळक टप्पे

१८८४ : मेक्सिको सिटी ते एल पासो लोहमार्ग पूर्ण.
१९०६ : सिल्व्हिस गावाची अधिकृत स्थापना.
१९१० : मेक्सिकन क्रांतीस प्रारंभ, उत्तरेकडील स्थलांतरात वाढ.
१९१७ : अमेरिकेत साक्षरता चाचणी आणि प्रवेशकर; मेक्सिकन मजुरांना तात्पुरती सूट.
१९२९ (सुमारास) : यार्डातील कुटुंबे सेकंड स्ट्रीटवर.
१९३० : जनगणनेत 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश.
१९४२-१९६४ : ब्रासेरो करार; रेल्वेसाठी १९४३-४५.
१९४४-४५ : दुसऱ्या महायुद्धात सेकंड स्ट्रीटचे सहा जवान शहीद.
१९५१ : कोरियन युद्धात आणखी दोन जवान शहीद.
१९७१ : हीरो स्ट्रीट स्मारक उद्यानाचे उद्घाटन.
१९८० : 'रॉक आयलंड' रेल्वे बंद.
२००७ : आठ जवानांचे शिल्पस्मारक.